विनीच्या टाकीत पडलेला रंग

आमच्या घरात दार आपटायचं नाही. मिक्सर लावायचा तर आधी विचारायचं. जिन्यावरून धावत उतरायचं नाही आणि मागच्या खोलीजवळ जड वस्तू टेकवायची नाही. हे नियम सासूबाईंनी केले नाहीत, सासऱ्यांनीही नाहीत. ते माझ्या धाकट्या जावेने, विनीताने केलेत, आणि तेही तोंडातून अवाक्षर न काढता. तिने कधी कुणाला ‘हळू’ म्हटलं नाही. ती नुसती बघते. मग मी, जिचा आवाज विमा कंपनीच्या आमच्या तुकोगंज शाखेत फाटकापर्यंत ऐकू जातो, ती मीसुद्धा मुकाट्याने दार लोटून घेते. याचा मला पूर्वी फार राग यायचा. अजूनही थोडा येतो.

विनीता स्फटिक वाढवते. हे वाक्य मी आजवर किती पाहुण्यांना सांगितलं असेल, आणि दर वेळी समोरचा माणूस विचारतो, ‘वाढवते म्हणजे?’ मीही पहिल्यांदा तेच विचारलं होतं. झाडं वाढवतात, पोरं वाढवतात, दगड कसला वाढवायचा? तेव्हा तिने मला खडीसाखरेचा खडा फोडून त्यातला दोरा दाखवला होता.

“पाक करतात ना वहिनी, त्यात दोरा सोडून ठेवतात. दोऱ्यावर साखर जमते. तसंच आहे हे. फक्त साखरेच्या जागी दुसरं सॉल्ट, आणि घाई बिल्कुल नाही.”

हे दुसरं सॉल्ट म्हणजे पोटॅशियमचं एक फॉस्फेट. तिच्या लोकांत त्याला केडीपी म्हणतात. शेतकरी हेच खत म्हणून ठिबकच्या पाण्यातून सोडतात, आणि लेझरच्या मोठमोठ्या यंत्रांत याचेच नितळ ठोकळे बसवतात. खत आणि लेझर यांच्यामध्ये कुठेतरी इंदूरच्या स्नेहलतागंजमधली आमची मागची खोली येते.

विनी महूची. आजोबा-पणजोबा होळकरांच्या फौजेत, वडील लष्करात सुभेदार. फौजी घरातली मुलगी येणार म्हटल्यावर मी जरा कंबर कसूनच बसले होते, की आता घरात परेड सुरू होईल आणि मला माझी जागा राखावी लागेल. आली ती अशी, की दोन दिवस आम्हाला तिचा आवाजच कळला नाही. भांडायला कुणी मिळेल ही माझी आशा तिथेच संपली. फिजिक्समध्ये एम.एस्सी., तेही वरच्या नंबरात. मग लेक झाली, रुची, मग सासूबाईंचं दुखणं निघालं, मग माझे दीर यशवर्धन यांची बदली जबलपूरला झाली आणि ते शनिवार-रविवारचे पाहुणे झाले. या सगळ्यात विनीचं फिजिक्स कुठेतरी वरच्या माळ्यावर गेलं.

रुची मोठी झाल्यावर विनी एका सरकारी कॉलेजात शिकवायला लागली. पद काय, तर ‘अतिथी विद्वान’. नाव ऐकून आमच्या नानांना, म्हणजे सासऱ्यांना, फार आनंद झाला होता. त्यांना वाटलं सुनेला कॉलेज पालखीतून नेणार. प्रत्यक्षात अतिथी विद्वान म्हणजे असा अतिथी, ज्याला दर वर्षी यजमान विचारतो की तुम्ही अजून इथेच का. दर उन्हाळ्यात नवी यादी लागते. पीएच.डी. झालेले वर सरकतात, न झालेले खाली, आणि एका वर्षी खालचे यादीतूनच बाहेर. म्हणून चाळिशी उलटल्यावर तिने पीएच.डी.ला नाव घातलं. मुदत ठरलेली होती. मुदतीच्या वर्षी जूनअखेरपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द म्हणजे कॉलेजही गेलं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने एकदाच सांगितलं, तेही पोळ्या लाटता लाटता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत टाकी ठेवायची सोय नव्हती. तिथे दिवसभर पोरांचे घोळके, आणि बाहेर मेट्रोच्या कामाची यंत्रं जमीन हलवत असायची. म्हणून तिने आमची मागची खोली मागितली. आता आमचं घरही काही हिमालयातल्या गुहेत नाही. स्टेशन जवळ, गाडी गेली की कपाटातल्या बांगड्या वाजतात. तर या बाईने काय करावं? स्कूटरच्या चाकातली जुनी ट्यूब आणली, तिच्यात अर्धीमुर्धी हवा भरली, त्यावर फळी टाकली आणि फळीवर माशांची काचेची टाकी ठेवली. टाकीत मासे नाहीत. पाणी, माशांच्या दुकानातला हीटर, आणि मधोमध एक मोठं चंचुपात्र. त्यात त्या फॉस्फेटच्या मिठाचं द्रावण, वर मलमलीचं फडकं. गाडी गेली की ट्यूब डुलायची आणि द्रावण जागच्या जागी राहायचं. यावर मी एक दिवस म्हटलं, “माझ्या पलंगाखालीसुद्धा एक ट्यूब घाल.” तिने ते गंभीरपणे मनावर घेतलं, तेव्हा मीच विषय बदलला.

आधी बी तयार करायचं. बशीत थोडं द्रावण ठेवलं की तळाशी मोहरीएवढे खडे येतात. त्यातला एक, कुठे तडा नाही, कुठे दूधट डाग नाही असा, भिंगाखाली बघून निवडायचा. ही निवड करायला ती जितका वेळ लावते तितका माझ्या सासरच्यांनी मला निवडताना लावला नव्हता. मग तो खडा नायलॉनच्या बारीक धाग्याला बांधून द्रावणात लोंबकळत सोडायचा. पाणी फडक्यातून हळूहळू उडतं, मीठ कुठे जायचं म्हणून खड्यावर बसतं. पाणी भरभर उडालं तर खडा दुधाळ होतो. थंडी-ऊन कमीजास्त झालं तर तडकतो. काडीचा कचरा आत गेला तर त्या कचऱ्यावरच नवे खडे धरतात आणि आपला उपाशी राहतो.

हे सगळं एकेक करून तिच्या वाट्याला आलं. एकदा धागा सुटला. एकदा वीज गेली, हीटर बंद पडला, आणि तळाला नुसती पांढरी वाळू. मी तिच्या जागी असते तर टाकी उचलून गल्लीत आपटली असती. ती म्हणायची, “चला, फिर से.” आणि भांडी धुवायला घ्यायची.

वाया गेलेले खडेही ती टाकत नसे. त्यांच्यावर मोजमापं चालत. घनता काढायला वजन करायचं तर रॉकेलमध्ये बुडवून, कारण पाण्यात तो खडा विरघळूनच जाईल. कडांचे कोन मोजायचे. दोन काळपट पोलरॉइड काचा एकमेकींवर आडव्या धरून मध्ये खडा फिरवायचा आणि अंधार-उजेड बघायचा. चुरा करून विद्यापीठात क्ष-किरणांच्या यंत्रावर न्यायचा, म्हणजे आत तेच मीठ आहे की दुसरं काही याचा पक्का दाखला मिळतो. ‘आपण जे म्हणतोय तेच ते आहे का, हे आधी विचारायचं,’ असं ती म्हणायची. आमच्या ऑफिसात हा नियम लावला तर अर्धे दावे त्याच दिवशी निकालात निघतील.

तिचा एकच मदतनीस होता, तो म्हणजे आमचे नाना. नानासाहेब वीज मंडळातून निवृत्त झालेले. वाडवडील होळकरांच्या दफ्तरात होते, त्यामुळे कुठलीही व्यवस्था म्हटली की त्यांना स्फुरण चढतं. सासूबाई गेल्यापासून माणूस जरा सैरभैर झाला होता. विनीची टाकी आली आणि नानांना नोकरी लागली. मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, अगदी माझ्या माहेरच्यांनासुद्धा बोट ओठांवर ठेवून इंदुरी थाटात सांगायचे, “धीरे, भिया. प्रयोग चालू आहे.” वीज गेली की ओरडून सांगायचं नाही, चपला न घालता जाऊन विनीला सांगायचं, हेही त्यांनीच ठरवलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास सोडलेला खडा मात्र चांगला धरला. चौकोनी खांबासारखा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि असा नितळ की द्रावणात आहे की नाही तेच कळेना. विनीचे गाइड दुबे सर येऊन बघून गेले. “मॅडम, बस इसको संभाल लीजिए,” ते म्हणाले. थोडा अजून मोठा झाला की त्याचे काप काढून प्रकाशाच्या चाचण्या घ्यायच्या होत्या. प्रबंधात तेवढंच राहिलं होतं. पुन्हा नवा वाढवायला वेळ नव्हता, आणि एकदा एप्रिलचं ऊन सुरू झालं की मागच्या खोलीचं तापमान कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आणि मग रंगपंचमी आली.

इंदूरबाहेरच्या माणसाला आमची रंगपंचमी समजावून सांगणं अवघड आहे. होळी होते, धूळवड होते, आणि लोकांना वाटतं संपलं. आमचं तेव्हा कुठे सुरू होतं. राजवाड्याजवळून गेर निघते. गेर म्हणजे मिरवणूक, पण टँकर भरभरून रंग, मोठमोठे पंखे लावलेली यंत्रं, आणि तिसऱ्या मजल्याच्याही वर उडणारा गुलाल. त्या दिवशी आकाशाचा रंग कुठला असं विचारलं तर कुणी निळा म्हणणार नाही. नाना पोरवयापासून गेरला जायचे. सासूबाईंच्या आजारपणात सुटलं ते सुटलंच. त्या वर्षी रंगपंचमीच्या सकाळी पांढरा सदरा घालून ते माझ्यापुढे उभे राहिले.

“नीरजा, यंदा एकदा जाऊन येतो. पुढचं कुणी पाहिलंय.”

एकट्याने त्या गर्दीत? मी सरळ नाही म्हटलं. आमच्या ह्यांनी पेपर वर केला. यशवर्धन जबलपूरला. मला रंगाची अ‍ॅलर्जी आहे आणि गर्दीची त्याहून जास्त. तेव्हा स्वयंपाकघरातून विनी हात पुसत बाहेर आली.

“मी नेते ना नाना. चला. थोडंसं पाहून येऊन जाऊ.”

जिला घरातला मिक्सर सोसत नाही ती बाई डीजेच्या गाड्यांमध्ये निघाली. मला खरंच हसू आलं होतं.

दुपारी दोघं परतली तेव्हा ओळखू येईनात. नानांच्या भुवयासुद्धा राणी रंगाच्या. इतकं खुशीत मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. यंत्राच्या तोफेखाली कसे उभे राहिलो, एका अनोळखी पोराने खांद्यावर घ्यायची तयारी कशी दाखवली, हे सांगत ते ओट्यावरच बसले. विनीची एक सवय आहे. बाहेरून आली की आधी मागच्या खोलीत जायचं. तिने चपला काढल्या. मोरीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात स्वच्छ धुतले. नखंसुद्धा घासली, हे मी स्वतः पाहिलं. मग खोलीत गेली, फडकं बाजूला केलं, टॉर्च लावला आणि रोजच्यासारखी वाकून पाहायला लागली.

हात धुतले होते. केस कुठे धुतले होते?

ओरडणं वगैरे काही झालं नाही. नुसती हाक आली, “वहिनी, जरा इकडे या ना.”

मी गेले. तिच्या कपाळावरच्या बटांमधून राणी रंगाची भुकटी चिमूटभर द्रावणात पडली होती आणि तिचे धागे खाली खाली उतरत चालले होते. मधोमध तो नितळ खडा. ती सरळ उभी राहून दोन्ही हातांनी केस मागे धरून होती, जणू आता धरून काही उपयोग होता.

“कलर पडून गेला,” ती म्हणाली.

“काढून घे लगेच! गाळून घे!” मी म्हटलं.

“एकदम बाहेर काढला तर तडकणार. आणि गाळून काय, हा तर घुळून गेला पूर्ण.” मग एक पाऊल मागे सरून, “राहू द्या.” तिने फडकं परत घातलं आणि अंघोळीला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

नंतरच्या दिवसांत ती खोलीत गेलीच नाही. कॉलेजला जायची, स्वयंपाक करायची, माझ्या विनोदाला हसायचीसुद्धा. पण त्या दाराकडे बघायची नाही. मला वाईट वाटत होतं आणि त्याचा संतापही येत होता, कारण ती रडत नव्हती, चिडत नव्हती, आणि मला सांत्वन करायला जागाच ठेवत नव्हती. खरी अवस्था नानांची झाली. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. त्यांनी फडक्याखालचा रंग पाहिला आणि काय ते समजले. दारापाशी टाकलेली खुर्ची त्यांनी आपल्या हाताने उचलून गॅलरीत नेली. चहालाही बोलवावं लागायला लागलं.

एक दिवस दुपारी ते कुणाला न सांगता बाहेर पडले आणि संध्याकाळी परतले ते एक पुडी घेऊन. विनी भाजी चिरत होती. तिच्यापुढे पुडी उघडली. आत स्फटिकाचा एक सुंदर, पाणीदार खडा, पूजेच्या दुकानात मिळतो तसा.

“हा बघ गं विनीता, अगदी साफ आहे. दुकानदार म्हणाला एकदम असली. हा चालेल का?”

मला फस्सकन हसू फुटलं. विनीने माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विझलं. तिने हात पुसले, तो खडा दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे धरून नीट पाहिला.

“खूप छान आहे नाना. पण हा दुसऱ्या जातीचा आहे. माझं काम याच्याने नाही होणार.”

“असं होय,” नाना म्हणाले. मग फार हळू म्हणाले, “मी उगीच नेलं तुला त्या दिवशी.”

“परेशान नका होऊ नाना. मी खुद आले होते.”

पण नाना परेशान झालेच होते, आणि राहिलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनी टाकी रिकामी करायला म्हणून खोलीत गेली. मी ऑफिसला निघत होते. बराच वेळ काही हालचाल ऐकू येईना म्हणून डोकावले, तर ही बाई फरशीवर मांडी घालून बसलेली, हातात चिमट्याने धरलेला धागा, धाग्याला हळूहळू वर काढलेला, न तडकलेला खडा, आणि दुसऱ्या हातात टॉर्च.

“बसा वहिनी,” ती म्हणाली. मला ऑफिसला उशीर होत होता. मी बसले.

खडा वाढला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं म्हणून की काय, चांगला वाढला होता. आतला, रंगपंचमीच्या आधीचा भाग पूर्वीसारखा नितळ. आणि दोन्ही निमुळत्या टोकांवर चढलेल्या नव्या थरात गुलाबी रंग शिरलेला, तिरप्या धारदार रेषांनी कापल्यासारखा. चारही उभ्या भिंतींवर मात्र नवा थर चढला होता तो पाण्यासारखा स्वच्छ. त्याच गुलाबी पाण्यात बुडालेला, पण भिंतीवर रंगाचा ठिपका नाही.

“बघा, याने चुनून घेतलं. टोकाच्या बाजूने कलर आत घेतला, साइडने नाही घेतला. प्रत्येक बाजूची रचना वेगळी असते ना, तर कोणाला कलर चिकटतो, कोणाला नाही. पुस्तकात वाचलं होतं मी की असं होतं. पण वहिनी, हा कसा वाढतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. इतका क्लिअर होता की काही दिसतच नव्हतं. आता पूर्ण दिसतंय.” ती एवढं सलग बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला फार बरं वाटलं.

पुढचे दोन महिने माझ्या स्वयंपाकघराचे हाल झाले. रंग कुठला होता तेच कुणाला माहीत नव्हतं. अख्ख्या शहराचे रंग तिच्या डोक्यावर पडले होते. ती राजवाड्याजवळच्या दुकानांतून उरलेल्या पुड्या घेऊन आली. टीपकागदाच्या पट्ट्यांवर एकेका रंगाचा थेंब टाकून पट्टी पाण्यात टेकवायची, की पाणी वर चढताना रंगातले रंग वेगळे होतात. माझ्या स्टीलच्या सगळ्या वाट्यांत द्रावण, प्रत्येकीत एक बी. सकाळी आमटी वाढायला वाटी शोधावी तर तिच्यात हिरवं पाणी. मी तोंड सोडलं, तिने ऐकून घेतलं, वाट्या तशाच राहिल्या. शेवटी राणी रंगाच्या एका पुडीने तोच गुलाबी आकार दिला. त्या पुडीत दोन रंग मिसळलेले निघाले, त्यातला एकच खडा आत घेत होता, आणि तसाच शुद्ध रंग कॉलेजच्या कपाटात एका जुन्या बाटलीत सापडला. तो वापरून तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

दुबे सर खूश झाले, पण त्यांनी एक सल्ला दिला. तो तिने मला कैऱ्या चिरता चिरता सांगितला.

“सर म्हणतात, रंगपंचमी वगैरे मत लिहो. लिहायचं की प्लॅन करून कलर टाकला.”

“मग लिही की! चोरी थोडीच आहे?”

“पहिला जो क्रिस्टल आहे त्याचा आतला भाग क्लिअर आहे वहिनी, टोकांचा नवा भाग गुलाबी. प्लॅन करून टाकला असता तर सुरुवातीपासून टाकला असता ना. आधा वाढल्यावर पडला, म्हणून तर दोन्ही एका जागी दिसतात. जे झालं ते नाही लिहिलं तर तो क्रिस्टल समजणारच नाही कोणाला.”

तिने जे झालं ते लिहिलं. पाचवं प्रकरण. संशोधिकेच्या केसांतून रंग पडला, असं चक्क छापील अक्षरांत. जूनअखेरच्या आत प्रबंध गेला. नानांना तिने सगळं समजावून सांगितलं, खडा दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि नंतर मला विचारलं, “पोर माझ्या समाधानासाठी बोलते आहे, नाही का?” मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. खुर्ची गॅलरीतच राहिली.

त्यांची शंका अगदीच खोटी नव्हती, हे दिवाळीनंतर कळलं. बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या बाई होत्या. बाकी प्रबंध मान्य, पण पाचवं प्रकरण अपघाती भेसळीवर उभं आहे, त्याचा खुलासा मुलाखतीत समाधानकारक झाला नाही तर प्रबंध दुरुस्तीला परत पाठवावा. परत पाठवावा म्हणजे काय ते दुबे सरांनी सांगितलं. नोंदणीची मुदत तर संपली होती. परत आलेला प्रबंध पुन्हा घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं.

मुलाखत खुली असते, घरच्यांना बसता येतं. मी रजा टाकली, यशवर्धन आले, आणि नानांनी बंद गळ्याचा कोट काढला. “तुम्ही कशाला दगदग करता,” असं मी म्हटलं, तर म्हणाले, “मी नाही गेलो तर कोण जाणार?” याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

विनी पुढे उभी होती, फिकट निळी साडी, हातात ती पडद्यावर दाखवायची दांडी. आवाज नेहमीचाच, हळू. पण बाईंनी एकेक प्रश्न टाकला आणि ती एकेक उत्तर देत गेली. रंग कुठला, कसा ओळखला, पुन्हा करून पाहिलं का, किती वेळा, क्ष-किरणांत काय फरक दिसला, नसेल दिसला तर का नाही. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा मला ऑफिसमुळे वाचता येतो. बाईंचा चेहरा सैल होत चालला होता. दुबे सरांनी घाम पुसला. मग बाईंनी चष्मा काढला.

“सब ठीक है. लेकिन मुझे एक बात समझाइए. आप इतनी सावधानी से काम करती हैं. फिर यह गलती हुई कैसे? किसकी गलती थी?”

विनी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. नाना उभे राहिले होते. कोटाची बटणं सारखी करून, हात जोडून, जसे वीज मंडळात साहेबासमोर उभे राहत असतील तसे.

“मॅडम, गलती इनकी नहीं है. मेरी है. मैं ले गया था इनको गेर में. मुझे शौक था. इनको तो शोर भी पसंद नहीं. इनका काम अच्छा है मॅडम, जो सज़ा है वो मुझे दीजिए. इनका कागज़ मत रोकिए.”

यशवर्धननी त्यांचा कोट धरून ओढायचा प्रयत्न केला, ते हलले नाहीत. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. वाटलं, झालं, आता परत गेला प्रबंध. विनीने दांडी टेबलावर ठेवली. परीक्षक, प्राध्यापक, पोरं, सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या मराठीत ती म्हणाली,

“नाना, बसून जा. चूक नाही ती. ते माझं पाचवं प्रकरण आहे.”

तिचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बाईंना मराठी येत नसावी. त्यांनी दुबे सरांकडे पाहिलं, सरांनी कानाशी लागून सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नानांना नमस्कार केला, चष्मा चढवला आणि पुढ्यातल्या कागदावर सही केली.

नाना बसले. अध्यक्ष उभे राहून काहीतरी बोलले, टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या आवाजात नानांना ते नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला.

“काय म्हणाले?”

“डॉक्टर म्हणाले.”

“कोणाला?”

“आपल्या विनीला.”

त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला. मग मला विचारलं, “म्हणजे आता मी रडलो तर चालेल ना?”

मी हो म्हणेपर्यंत ते थांबले नाहीत, आणि मीही थांबले नाही.